गुरांच्या दवाखान्यात आमची गाभण मांजर

आमच्याकडे त्याला सगळे गुरांचा दवाखाना म्हणतात. पाटीवर 'पशुवैद्यकीय दवाखाना, श्रेणी-१' असं स्वच्छ लिहिलेलं आहे, पण पाटी वाचायला कोणी थांबत नाही. म्हैस आडली, गाय माजावर आली, कोंबड्यांना मानमोडी लागली की माणसं तिकडे जातात. तिथे मांजर नेता येते हे मला वयाच्या ५१ व्या वर्षापर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. या उन्हाळ्यात मी नेली. एकदा नाही, सहा वेळा. त्या दवाखान्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं, ते आज लिहितेय.

सिंधुदुर्गात बंदराच्या रस्त्याला आमची छोटी खानावळ आहे. मासळी जिथे, तिथे मांजरं. येतात, काटे खातात, जातात. एप्रिलच्या शेवटी एक करडी मांजर आली ती मात्र जाईना. मागच्या दारी मासे धुवायच्या दगडापाशी बसून राहायची. अंगावर हाडं दिसत होती आणि पोट तेवढं दोन्ही बाजूंनी फुगलेलं. सुनेने तिचं नाव तारली ठेवलं, कारण उन्हात तिची पाठ तारली मासळीसारखीच चमकते. सून स्वतः पाचव्या महिन्यात होती, म्हणून घरात लगेच दोन तट पडले. शेजारच्या काकी म्हणाल्या, पोटुशी बाई घरात असताना मांजर नको, गोणत्यात घालून जेटीवर सोडून द्या. सासूबाई एरवी मांजरांच्या वाऱ्याला उभ्या राहत नाहीत, पण त्याच म्हणाल्या, "ती पण पोटुशी आसा, खंय टाकतलंस तिका?"

दवाखान्यात न्यायचं तर पकडायची कशी, हा पहिला प्रश्न. मांजर न्यायचा पिंजरा इथे मिळत नाही. माझ्याकडे आंब्याचे प्लॅस्टिकचे क्रेट होते. एक क्रेट जमिनीवर ठेवला आणि पाच दिवस तिचं जेवण त्यातच दिलं. सहाव्या दिवशी ती खात असताना दुसरा क्रेट वर उपडा टाकला आणि चारी कोपरे सुतळीने बांधले. हवा खेळती, बाहेरचं दिसू नये म्हणून वर जुना टॉवेल. हे काम छान जमलं. फसलं ते आधीच्या एका दिवशी. मी अधीर होऊन तिला मानेला धरून उचलायला गेले आणि तिने अंगठ्याच्या खाली दात रोवले.

त्या दवाखान्याबद्दल माझं मत तयार झालं ते याच गोष्टीवरून. अंगणातल्या खोड्यात एक जर्सी गाय उभी होती, व्हरांड्यात दोन बकऱ्या, आणि मी क्रेट घेऊन संकोचून कोपऱ्यात. निघताना सासूबाईंनी विचारलंच होतं, "गुरांच्या दवाखान्यात मांजर न्हेतत काय गो?" माझा नंबर आला. डॉक्टर मॅडम वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी क्रेटकडे बघायच्या आधी माझ्या हातावरची पट्टी बघितली. "कधी चावली? धुतलं होतं? किती वेळ?" मी म्हटलं, पाण्याखाली धरलं होतं आणि हळद लावली. त्यांनी तिथल्या तिथे मला समजावलं की साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं असतं, हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही, आणि रेबीजची लस त्याच दिवशी सुरू करायची. "मांजर मी तपासते, तुम्ही इथून थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं." आणि मी गेले की नाही हे विचारायला संध्याकाळी त्यांचा फोन आला. लसीचा सगळा कोर्स मी पूर्ण केला. गुरांच्या डॉक्टरने माणसाची एवढी काळजी घेतलेली मी पहिल्यांदा पाहिली.

मांजर तपासली तीही घाईने नाही. टॉवेल काढलाच नाही, तो तिच्या डोक्यावर ठेवून मागच्या बाजूने हात घातला. पोट दाबलं नाही, नुसतं बोटांच्या पेरांनी चाचपलं. मला जवळ बोलावून सड दाखवले. गुलाबी, टचटचीत, आणि भोवतीचे केस विरळ झालेले. म्हणाल्या, साधारण ३८ ते ४० दिवसांची असेल. मांजर ६३ ते ६५ दिवसांनी विते, म्हणजे जूनचा पहिला आठवडा धरून चाला. पिल्लं किती ते हाताने नक्की सांगणार नाही, असंही स्पष्ट म्हणाल्या. ४५ दिवसांनंतर एक्स-रे काढला तर पिल्लांची हाडं दिसतात आणि मोजता येतात, पण ते यंत्र तिथे नाही. त्यासाठी दोन तासांचा प्रवास करून जावं लागलं असतं. रस्त्यावरच्या मांजरीला एवढा वेळ क्रेटमध्ये कोंडायचं आम्हा दोघींच्या जिवावर आलं, म्हणून ते सोडून दिलं.

गाभणपणात चालणारं जंताचं औषध त्यांनी तिथेच पाजलं. लस मात्र टोचली नाही, व्याल्यावर बघू म्हणाल्या. अंगावर पिसवा भरपूर होत्या. माझ्या दिराने गुरांच्या गोचिडांवरचं औषध आणून ठेवलं होतं, तेच थोडं लावू का, असं मी विचारलं. त्या पेन ठेवून उभ्याच राहिल्या. गुरांच्या आणि कुत्र्यांच्या अशा औषधांत पर्मेथ्रिनसारखी द्रव्यं असतात आणि मांजरीचं शरीर ती पचवू शकत नाही, झटके येऊन मरते. तापाची आपली पॅरासिटामॉलची गोळीही तशीच, मांजरीला तुकडासुद्धा घातक. मग पिसवांचं काय? उवांची बारीक दातांची फणी आणि साबणाच्या पाण्याचा वाडगा. फणी फिरवायची, पिसू निघाली की पाण्यात बुडवायची. आमच्या सुनेने पडवीत बसून पाच दिवस हे काम मनापासून केलं असतं, पण तिला मी करू दिलं नाही. मीच केलं.

सुनेचा विषय मीच काढला. घरातल्या निम्म्या माणसांच्या मनात तीच भीती होती. मॅडमनी दारातल्या बकरीवाल्याला थांबायला सांगितलं आणि दहा मिनिटं नीट बोलल्या. पोटातल्या बाळाला बाधू शकतो त्या रोगाचं नाव टोक्सोप्लाझ्मोसिस. मांजराच्या विष्ठेतून त्याचे जंतू पडतात, पण ते बाधायला लागायला एक ते पाच दिवस जातात. म्हणजे घाण रोजच्या रोज काढली तर धोका पुष्कळ कमी होतो. सुनेने ते काम अजिबात करायचं नाही, बागेतल्या मातीत उघड्या हातांनी खणायचं नाही, कच्चं मटण हाताळल्यावर हात धुवायचे, कोशिंबिरीची भाजी नीट धुऊन घ्यायची. अर्धवट शिजलेल्या मटणातूनही हा रोग होतो, हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. "मांजर हाकलायची गरज नाही, घमेलं कोण साफ करतं ते ठरवा," म्हणाल्या. घमेल्यात भाताचं तूस घातलं आणि रोज सकाळी हातमोजे घालून ते काम माझ्या मुलाने केलं. बायकोसाठी त्याने ते एकही दिवस चुकवलं नाही. आणि गोणत्यात घालून जेटीवर सोडायचा सल्ला देणाऱ्यांना सांगायला एक गोष्ट त्यांनी मला दिली: १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावर असं टाकून देणं हा गुन्हा आहे. काकींना मी ते सांगितलं. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

खाण्याबद्दल मला वाटत होतं की मला सगळं कळतं. मासळीची खानावळ चालवते, मांजरीला काय घालायचं हे मला कोण शिकवणार? पण चुका निघाल्या. मी तिला कच्चे पेडवे घालत होते. रोज कच्चीच मासळी पोटात गेली तर ब-१ जीवनसत्त्व कमी पडतं, म्हणून बिनमिठाची उकडून, काटे काढून द्यायची. सुकी खारवलेली नको. गाईचं दूध बऱ्याच मोठ्या मांजरांना पचत नाही, हगवण लागते आणि गाभणीच्या अंगातलं पाणी कमी होतं. बशी दुधाची नको, पाण्याची ठेवा. आणि मुख्य म्हणजे मांजराच्या पिल्लांसाठी जो कोरडा खाऊ मिळतो तो आईलाही सुरू करा, व्याल्यावरही दूध तुटेपर्यंत तोच. त्यात पोटातल्या पिल्लांना लागणारी प्रथिनं आणि कॅल्शियम योग्य प्रमाणात असतं. दवाखान्यात तो मिळत नाही, तालुक्याच्या बाजारातही एकाच दुकानात होता, तो मी दोन मोठ्या पिशव्या आणून ठेवला. ते बरं झालं. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, बंदरावर ताजी मासळी नाही. त्या खाऊवाचून माझी पंचाईत झाली असती.

इथे एक नाराजीही सांगते, ती दवाखान्याबद्दल नाही. मुलाने हौसेने ऑनलाइन एक मांजराचं बिछानं मागवलं. गोल, फोमचं, लोकरीसारख्या लांब केसांचं. चित्रात सुंदर दिसत होतं. तारलीने त्यावर एकदा लघवी केली आणि मेच्या दमट हवेत तो फोम तीन दिवस वाळला नाही. लांब केसांत तिची नखं अडकायची. पिल्लं असती तर त्यांची कोवळी नखं अडकून पाय मुरगळले असते. परत घेणार नाही म्हणाले. मॅडमना विचारलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे आंब्याची पेटी नाही का?" लाकडी पेटी, समोरच्या दोन फळ्या काढून उंबरठ्याएवढी उंची ठेवली, म्हणजे आईला आत-बाहेर करता यावं आणि पिल्लू लोळत बाहेर पडू नये. खाली वर्तमानपत्रं, वर जुन्या सुती लुगड्याच्या घड्या. कोठीच्या खोलीत तांदळाच्या पिंपामागे ती पेटी ठेवली. चार दिवसांत तारली त्यात झोपायला लागली. गाभण मांजरीसाठी काही विकत आणायच्या आधी घरात पेटी आहे का ते बघा.

मॅडमनी केसपेपरच्या मागे मला तीन ओळी लिहून दिल्या होत्या आणि खाली स्वतःचा नंबर. जोराच्या कळा येऊन अर्ध्या तासात पिल्लू नाही आलं तर फोन. पिल्लं आत असताना दोन पिल्लांमध्ये दोन तासांवर वेळ गेला तर फोन. वाईट वासाचा स्राव किंवा भळभळ रक्त गेलं तर फोन. तो कागद मी देवघराच्या फळीवर ठेवला.

४ जूनच्या रात्री पहिला मोठा पाऊस आला. आठ वाजता वीज गेली. कोठीत कंदील घेऊन बघते तर पेटी रिकामी. सगळं घर शोधलं. दिराने पडवीतून हाक मारली, "वैनी, ती जाळ्यात गेली हा." मासेमारी बंद झाल्यामुळे त्याने धुऊन वाळवलेली जाळी पडवीत रचून ठेवली होती. त्या ढिगात खोल जागा करून तारली बसली होती आणि एक पिल्लू झालेलं होतं. ते चाटून कोरडं करून तिने दुधाला लावलं होतं. नायलॉनच्या जाळ्यातून तिला उचलायचं धाडस होईना. दुसरं पिल्लू झालं, तिसरं झालं. चौथं आलं ते हललंच नाही. तिने ते बराच वेळ चाटलं, मी टॉवेलने चोळलं, तोंड पुसलं. ते गेलेलंच होतं.

मग तिसऱ्या पिल्लाकडे लक्ष गेलं. ते आईच्या पोटाकडे सरकत होतं आणि प्रत्येक वेळी मागे ओढलं जात होतं. कंदील जवळ नेला. नाळ अजून जाराला, म्हणजे वारेला, जोडलेली होती आणि नाळेसकट जाळ्याचा एक निळा धागा त्याच्या मागच्या पायाला गुंडाळला गेला होता. वरून एक वेढा, खालून एक. पाय माझ्या करंगळीच्या नखाएवढा, आणि धाग्याच्या पुढचा भाग जांभळा पडत चाललेला. ११ वाजून ४० मिनिटं झाली होती. मी फोन केला. दुसऱ्या रिंगला उचलला.

त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं केलं. कात्री आणि शिवणाचा पांढरा दोरा उकळत्या पाण्यात टाकला. हात धुतले. आधी नाळ, पाय नंतर, कारण घाईत नाळ ओढली गेली तर पिल्लाचं पोट फाटतं. पोटापासून इंचभर अंतरावर दोऱ्याने घट्ट गाठ, गाठीच्या पलीकडे कात्री. मग धागा. कात्रीचं टोक आत जाईना तेव्हा सासूबाईंनी नाकातली चाफेकळी काढली, ती पुसून तिच्या दांड्याने धागा जरा उचलून धरला, आणि मी कापला. मॅडम तेवढा वेळ फोनवर होत्या. "आता जार मोजा. पिल्लू चार, तर जार चार." तारलीने तीन खाल्ले होते, चौथा समोर होता. "पिल्लू गार लागतंय का?" लागत होतं. वीज नव्हती, मग प्लॅस्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरून दोन पदरी फडक्यात गुंडाळलं आणि त्याच्या बाजूला ठेवलं, अंगाला चिकटवून नाही. गार पिल्लाला दूध पाजायचं नाही, आधी ऊब, मग दूध. पहाटे दोनला ते आपणहून आईला लागलं. तेव्हा मी सगळ्यांना पेटीत हलवलं आणि दिराने जाळी माळ्यावर चढवली.

दुसऱ्या दिवशी पावसात दवाखान्यात गेले. पाय बघून त्यांनी मलम दिलं आणि रोज वजन करायला सांगितलं. मसाल्याचा डिजिटल काटा आहे माझ्याकडे, त्याच्यावर फडकं घालून सकाळी सात वाजता वजन. ९८, १०१ आणि पाय अडकलेल्याचं ८६ ग्रॅम. रोज साधारण १० ग्रॅम वाढायला हवेत. पहिली दोन वाढली, तिसरं दोन दिवस ८६ वरच. फोन केला, तर म्हणाल्या, बाकीच्या दोघांना दहा मिनिटं टोपलीत ठेवा, याला एकट्याला लावा, दिवसातून पाच-सहा वेळा. चौथ्या दिवशी ९१ झालं. दहाव्या दिवशी डोळे उघडले. त्याच सुमाराला खानावळीत एक मोठा गट जेवायला आला, आरडाओरडा झाला आणि तारलीने पिल्लं तोंडात धरून माळ्याकडे फेऱ्या सुरू केल्या. सासूबाई म्हणाल्या, "सात घरां दाखवल्याबिगर मांजर गप ऱ्हवणा नाय." मी पेटीसमोर जुनी साडी पडद्यासारखी लावली, दार बंद केलं. दोन घरांवर थांबली.

आता दवाखान्यात जे कमी वाटलं ते. सकाळी लवकर गेलात तर डॉक्टर भेटतात, दहा-साडेदहानंतर त्या गावांत फिरतीवर जातात आणि मग वाट बघावी लागते. एकदा मी दोन तास बसले. मांजरांना बसवायला वेगळी जागा नाही. कुत्रं भुंकलं की क्रेटमधली मांजर थरथरते, म्हणून टॉवेल विसरू नका. मांजरीची काही औषधं बाहेरून आणावी लागतात. आणि शस्त्रक्रियेला फार थांबावं लागलं. पिल्लं दूध पीत असतानाच मांजर पुन्हा माजावर येऊ शकते, हे मॅडमनीच बजावलं होतं. जुलैत एक पांढरा बोका कुंपणावर येऊन बसायला लागला. पिल्लं आठ आठवड्यांची झाल्यावर ऑपरेशन करू असं ठरलं होतं, पण भुलीचं औषध संपलेलं, मग लसीकरणाची मोहीम, असं करत तीन आठवडे गेले. तेवढे दिवस तारलीला मी कोठीत कोंडून ठेवलं आणि तिच्या ओरडण्याने घरात कोणाला झोप नव्हती. ही तारीख आधीच पक्की करून घ्या, त्यांच्या रजिस्टरमध्ये लिहून घ्या.

ऑपरेशन मात्र उत्तम झालं. टाका लहान, संध्याकाळी ती उठून पाणी प्यायली. पैसे केसपेपरचे आणि बाहेरून आणलेल्या औषधांचे, रिक्षाला त्याहून जास्त गेले. पिल्लांना जंताचं औषध झालं, पहिली लस झाली. दोन पिल्लं चांगल्या घरी गेली, एक शाळेतल्या बाईंकडे, एक बर्फाच्या कारखान्याशेजारी. निळ्या धाग्याचं आमच्याकडेच आहे. पायाला केस थोडे पांढरे आलेत, चालतं नीट.

कोणाला न्यायची असेल तर माझे दोन्ही क्रेट आणि सुतळी खानावळीच्या मागच्या दारी ठेवलेत, घेऊन जा. सोमवारी नको. त्या दिवशी तारलीला रेबीजच्या लसीला न्यायचंय.